अवजार आलं, रीत मागंच राहिली



सोयाबीन फुलातून शेंगांत चाललंय, कपाशी पात्या-फुलांवर आहे, अन् पावसानं चार दिवस उघडीप दिली की सगळ्या शिवारात फवाऱ्यांचा आवाज सुरू होतो. या दिवसांत मी इथं तुडतुडे, चक्रीभुंगा, खोडमाशी असं काहीतरी लिहीत असतो. आज कीड बाजूला ठेवतो. कारण पोळ्याच्या आधीच्या या पंधरा-वीस दिवसांत मला जे फोन येतात, त्यातले बरेच किडीचे नसतातच. ते शेजाऱ्याचे असतात. "त्यानं तणनाशक मारलं, माझी पऱ्हाटी वाकडी झाली." "त्यानं ऑटो लावलाय, आमची डीपी उडाली." "त्यानं वाट नांगरून टाकली, आता सोयाबीन काढायचं कसं?" या रोगाला कोणत्याच दुकानात बाटली मिळत नाही.

म्हणून आज वागण्यावर लिहितो. शहरात ज्याला मॅनर्स म्हणतात, त्यावर.

पोरं इंग्लिश शाळेतून थँक्यू-सॉरी शिकून येतात. चांगलंच आहे, म्हणू द्या. पण शेतातले मॅनर्स त्याच्या आधीचे आहेत अन् जरा अवघड आहेत. माझ्या मते त्यांचा अर्थ एवढाच: आपल्या कामाचा वारा दुसऱ्याच्या रानात जाणार असेल, तर काम करायच्या आधी त्याला सांगायचं. नंतर सॉरी म्हणायला जीभच लागते. आधी सांगायला जीभ लागते, वेळ लागतो, अन् तो "थांब" म्हणाला तर थांबायची तयारीही लागते.

आपल्याकडं नवीन अवजार येतं तेव्हा त्याच्यासोबत बिल येतं, वॉरंटीचं कार्ड येतं, कधी सबसिडीही येते. पण शेजारी माणूस असताना ते कसं वापरायचं, याची रीत डब्यात भरून येत नाही. ती गावानंच घालायची असते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अवजारं इतक्या झपाट्यानं आली की रीत मागंच राहिली. आपली बरीच भांडणं माणूस वाईट झाला म्हणून होत नाहीत. या अवजाराचं काय ठरलंय हे कुणालाच माहीत नाही, म्हणून होतात.

जुन्या रीती

जुन्या अवजारांना रीत होती. भाऊबंदांच्या सामाईक विहिरीवर मोट कुणी कधी धरायची, हे ठरलेलं असायचं. एक बैल तुझा, एक माझा, असा वारंगुळा केला की आधी कुणाचं रान पेरायचं हेही आधीच बोललेलं असायचं. वाटेवरच्या माणसानं हरभऱ्याचे ढाळे उपटून खाल्ले तर कुणी बोलत नव्हतं, पण उपरण्यात बांधून नेले तर हटकत होतं. खावं, न्यू नये. एवढ्याशा वाक्यात अख्खा कायदा होता. हुरड्याला शेजाऱ्याला हाक मारायची, वेळ अमावस्येला ज्या भागात शेतात पूजा होते तिथं वाटसरूलाही जेवायला बसवायचं. हे सगळं शिकवायला शाळा नव्हती.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्याच रीतीत रानातल्या कामावरच्या काही माणसांचा पेला वेगळा ठेवलेला असायचा. साठ वर्षांच्या गड्याला मालकाचं दहा वर्षांचं पोरगं "ए, इकडं ये" म्हणायचं, अन् त्याला कुणी उद्धट म्हणत नव्हतं. म्हणजे रीत होती, पण ती सगळ्यांना सारखी नव्हती. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मान. म्हणून जुनी रीत जशीच्या तशी उचलून आणायची नाही. तिच्यातलं "आधी सांगायचं" हे घ्यायचं, अन् ते सगळ्यांना लागू करायचं.

आता एकेक अवजार बघू.

२,४-डी अन् पश्चिमेचा वारा

परभणी, मानवत, पाथरी, गंगाखेड, कुठंही जा. पाण्याची सोय आहे तिथं ऊस अन् कपाशी धुऱ्याला धुरा लावून उभी दिसते. उसातलं रुंद पानाचं तण मारायला २,४-डी स्वस्त अन् जोरदार. ऊस, ज्वारी, गहू या पिकांना ते सोसतं. कपाशीला अजिबात सोसत नाही. इतकं की वाऱ्यासोबत आलेले बारीक थेंब, किंवा नीट न धुतलेल्या पंपातला उरलेला अंश, एवढ्यानंही शेंड्याची नवीन पानं अरुंद, लांबट, बोटांसारखी फाटलेली येतात. लांबून भेंडीचं पान वाटावं अशी. पातं गळतं, बोंड धरत नाही. पऱ्हाटी मरत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं काही झालं नाही. वेचणीला कळतं.

अन् हे नुकसान पीकविम्यात बसत नाही. विमा पावसाच्या खंडाचा, अतिवृष्टीचा, गारपिटीचा. माणसाच्या हातानं झालेल्या, टाळता येण्यासारख्या नुकसानीचा नाही. म्हणजे शेजाऱ्यानं न सांगता मारलेल्या फवाऱ्याची भरपाई कुणी देत असेल तर तो शेजारीच, अन् तो "माझ्यामुळं नाही" म्हणतो. पुढं बोलणं बंद. माझ्या माहितीत दोन चुलतभाऊ आहेत. तीन वर्षांपासून एकाच वाटेनं जातात, एकमेकांकडं बघत नाहीत. एकाच्या घरात लग्न झालं, दुसऱ्याच्या घरातून कुणी गेलं नाही. भांडण कशाचं, तर एका सकाळच्या फवाऱ्याचं.

दुसरं उदाहरण त्याच शिवारातलं. ऊसवाला पोरगा वयानं लहान, कपाशीवाले तात्या मोठे. पोरानं दोन दिवस आधी फोन केला. "तात्या, परवा उसात २,४-डी मारायचा इचार आहे. तुमची पऱ्हाटी पल्याड आहे म्हणून सांगतो." तात्या म्हणाले, "वारं बघून मार गड्या. अन् धुऱ्याकडच्या पाच सऱ्या सोडून दे. तेवढ्या खुरपून घे, बायकांची अर्धी हजेरी मी देतो." दोन मिनिटांचा फोन. ऊस स्वच्छ झाला, कपाशी जशीच्या तशी राहिली. तात्यांनी अर्धी हजेरी का द्यावी, असं काहीजण मला विचारतात. नियमानं बघितलं तर त्यांनी देऊ नये. पण त्या अर्ध्या हजेरीत त्यांनी पोराची पुढच्या वर्षीची आठवण विकत घेतली. पुढच्या वर्षी तो न विसरता फोन करणार.

तर या औषधाची रीत मी अशी मांडतो. पटलं तर घ्या, वाढवा, दुरुस्त करा.

शेजारी कपाशी, द्राक्ष, टोमॅटो, भाजीपाला, तूर यातलं काही असेल तर दोन दिवस आधी सांगायचं. पावसाळ्यात आपल्याकडं वारा जास्त करून पश्चिमेकडून असतो, म्हणून पूर्वेच्या धुऱ्यावरच्या शेजाऱ्याला आधी सांगायचं. वारा जोरात असेल तर मारायचं नाहीच. पण पहाटे अगदी पान हलत नाही अशा वेळीही मारायचं नाही, कारण जमिनीलगतच्या थंड हवेत बारीक थेंब तरंगत राहतात अन् नंतर भलतीकडंच जातात. मंद वारा आपल्याकडून रिकाम्या बाजूला जातोय, ही खरी वेळ. इस्टर प्रकारातलं औषध ऊन वाढलं की वाफ होऊन जास्त पसरतं. कपाशी जवळ असेल तर दुकानदाराला सोडियम किंवा अमाईन क्षार मागायचा. नोझलला हूड लावायचं. अन् सगळ्यात महत्त्वाचं: २,४-डीचा पंप वेगळाच ठेवायचा, त्याच्यावर रंगानं मोठं लिहायचं, अन् शेजाऱ्यानं पंप मागितला तर तो पंप द्यायचा नाही. उसना दिलेला पंप हा उपकार असतो, पण तणनाशकाचा पंप उसना देणं म्हणजे न सांगता केलेलं वाटोळं.

हे फक्त आपलंच दुखणं आहे असं समजू नका. अमेरिकेत डायकँबा नावाचं असंच उडून जाणारं तणनाशक आहे. २०१६ साली तिथल्या आर्कान्सा राज्यात त्याच्या वाऱ्यावरून दोन माणसांत वाद झाला अन् एका शेतकऱ्याचा गोळी लागून जीव गेला. शेकडो एकरांची शेती, मोठमोठाली यंत्रं, अन् भांडण धुऱ्याचंच. त्याच देशात दुसरी गोष्टही झाली. २००८ साली पर्ड्यू विद्यापीठानं ड्रिफ्टवॉच नावाचा नकाशा सुरू केला. ज्याचं पीक नाजूक, ज्याच्या मधमाश्यांच्या पेट्या, तो आपली जागा नकाशावर नोंदवतो. फवारणारा आधी नकाशा बघतो. तिथं ज्याला नकाशा लागला, त्याच्यासाठी आपल्याला एक फोन पुरतो, कारण आपल्या चारी धुऱ्यांवरच्या माणसांची नावं आपल्याला आजोबांच्या काळापासून माहीत असतात. आता फवारणीचे ड्रोन येऊ लागलेत. पंपाचा फवारा गुडघ्याच्या उंचीवरून सुटतो, ड्रोनचा डोक्यावरून. रीत आत्ताच घातली नाही तर पुढं तिला कुणी विचारणार नाही.

डीपी अन् चारी

रात्री लाईट येते. एका डीपीवर दहा-पंधरा मोटारी, सगळ्यांना ऑटो. लाईट आली की सगळ्या एकाच क्षणी उठतात. मोटार चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. सगळ्यांनी एकदम ओढल्यावर डीपी बसते, अन् मग आठ-आठ दिवस सगळेच कोरडे. जो पहिला फोन करून ओरडतो, त्याच्याही मोटारीला ऑटो असतो.

याला उपाय खर्चाचा नाही. ऑटोला वेळ लावायची सोय असेल तर एकानं दोन मिनिटं लावायची, दुसऱ्यानं चार, तिसऱ्यानं सहा. सोय नसेल तर पाळी करून हातानं चालू करायच्या. सगळ्यांनी कपॅसिटर बसवायचा. पण दहा जणांनी एकदा डीपीखाली उभं राहून आकडे वाटून घ्यावे लागतात. ते पाच मिनिटांचं काम होत नाही, कारण आधी कुणी बोलावायचं हा मानाचा प्रश्न होतो. मी म्हणतो, ज्याचं रान डीपीच्या सगळ्यात जवळ, त्यानं बोलवावं. त्याला व्होल्टेज सगळ्यात चांगलं मिळतं, तेवढं त्याचं कर्तव्य.

पाण्याचंही तसंच. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ची, धरणाचं लोकार्पण १९७६ चं. पैठणहून निघालेला डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, अन् त्याच्या खालच्या अंगाला आपण. टेलच्या माणसाचं दुखणं काय असतं, हे परभणीच्या माणसाला सांगावं लागत नाही. वरचे पाणी धरून ठेवतात, आपल्यापर्यंत येईस्तोवर पाळी संपते, असं आपण दरवर्षी म्हणतो. मग आपल्याच गावातल्या चारीवर आपण काय करतो? चारीच्या तोंडाशी ज्याचं रान, तो भिजवून झालं तरी दार बंद करत नाही. पाणी ओढ्याला जातं अन् टेलचा माणूस रात्रभर टॉर्च घेऊन फिरतो. पैठणकडं बोट दाखवणाऱ्यानं आधी आपल्या दारावर नजर टाकावी. २००५ साली पाणीवापर संस्थांसाठी कायदा आला. शेवटच्या माणसापासून वर पाणी देत यायचं, हे तत्त्व या संस्थांच्या कामात सांगितलं जातं. संस्था असो नसो, चारीवरची रीत साधी आहे. भिजवून झालं की दार लावायचं अन् खालच्याला फोन करायचा, "माझं झालं, घे." या तीन शब्दांना शिवारात थँक्यूपेक्षा जास्त किंमत आहे.

वाट

पूर्वी धुऱ्यावरून बैलगाडी जायची, तेवढी वाट पुरायची. आता हार्वेस्टर येतो, मोठा ट्रॅक्टर येतो, उसाचा ट्रक येतो. अवजार रुंद झालं अन् त्याच वेळी वाटण्या होऊन रानं अरुंद झाली. म्हणून वाटेची भांडणं एवढी वाढली. कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. अडवलेली वाट मोकळी करायला मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात अन् दुसऱ्याची पहिल्याच्या, असे बारा वर्षांपेक्षा जुने घोळ मिटवायला २०२३ च्या जानेवारीत सरकारनं सलोखा योजना आणली. मुद्रांक शुल्क हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये. योजनेचं नावच बघा, सलोखा. गावात जो आपसात राहिला नाही, तो शेवटी सरकारी निर्णयात लिहावा लागला.

कायद्याचा आधार घ्यायचाच, जिथं अन्याय आहे तिथं. पण तहसीलची तारीख सोयाबीनच्या काढणीला थांबत नाही, अन् सोयाबीन तारखेला थांबत नाही. शेंगा तडकायला लागल्या की माणूस हातात असेल त्या वाटेनं घुसतो. म्हणून वाट मागायची वेळ सप्टेंबर-ऑक्टोबर नाही. ती वेळ पेरणीच्या आधी, मे महिन्यात. "अण्णा, यंदा माझं सोयाबीन तुमच्या मागं आहे. तुमच्या कडंच्या दोन ओळी लवकर येणारं वाण पेरा, किंवा तेवढी पट्टी सोडा. त्या पट्टीचं काय होईल ते मी देतो." एवढं मे महिन्यात बोललं तर काढणीला काठ्या निघत नाहीत. अन् ज्याच्याकडं वाट आहे, त्यानंही एक लक्षात घ्यावं. वाट देणारा काही गमावतो, ती अडवणारा मात्र पुढच्या पिढीची सोयरीकही गमावतो.

आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो, जगात जर्मनी, भारतात परभणी. त्या जर्मनीत रविवारी घरात ड्रिल मशीन चालवायला किंवा अंगणात गवत कापायचं यंत्र लावायला बंदी आहे. शेजाऱ्याची सुट्टी मोडते म्हणून. त्यांनी रीत कायद्यात लिहिली अन् पाळली. आपल्याकडं म्हणण्यात जर्मनी आहेच, धुऱ्यावर थोडी आली तर बरं होईल.

कामावरची माणसं

आता जरा कडू लिहितो. शेजाऱ्याशी आपण गोड बोलतो, कारण त्याचीही जमीन आहे. रोजानं आलेल्या माणसाशी कसं बोलतो, यावर आपले मॅनर्स कळतात.

निंदायला आलेल्या बायकांना "ए बाई, हात चालव" म्हणणारा माणूस गावात सभ्य म्हणून फिरतो. गुत्तेदारानं आणलेल्या माणसांची नावंही मालकाला माहीत नसतात. दिवसभर काम करून हजेरी "शनिवारी देतो" म्हणायची, अन् शनिवारी फोन बंद. ही चोरी आहे, पण आपण तिला अडचण म्हणतो. प्यायचं पाणी, सावलीची जागा, लहान लेकरू सोबत असेल तर त्याला झोळी बांधायला झाड, अन् ठरल्या वेळेला सुट्टी, एवढं दिलं तर उपकार होत नाही. वयानं मोठ्या माणसाला "अहो" म्हणायला एक रुपया लागत नाही. आपल्या पोरांना इंग्लिशमध्ये रिस्पेक्ट शिकवायचा अन् आखाड्यावरच्या सालगड्याला त्यांनी "अरे" म्हणायचं, हे चालणार नाही. पोरं शाळेपेक्षा आखाड्यावर जास्त शिकतात.

अन् इथं प्रश्न फक्त मानाचा नाही, जिवाचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो माणसं दवाखान्यात गेली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंडलेली, अंगावर साधा बनियन. त्यानंतर प्रबोधन झालं, किट वाटले गेले. पण एक गोष्ट अजून रीत झाली नाही. काल फवारलेल्या रानात आज निंदायला आलेल्या बाईला "काल हे हे मारलंय" असं कोण सांगतं? औषधाच्या बाटलीवर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. तो आपल्याला माहीत असतो, तिला कुणी दाखवलेला नसतो. उघड्या पायानं, उघड्या हातानं ती त्या पानांत दिवसभर वाकते.

माझं म्हणणं, फवारलेल्या रानाच्या तोंडाशी एक लाल फडकं बांधायचं. लेबलवर रानात परत जायला जेवढी मुदत सांगितलेली असेल, तेवढे दिवस ठेवायचं, मग सोडायचं. कुणालाही कळेल, वाटसरूला, गुराख्याला, ढाळे-शेंगा खायला आलेल्या पोरांनाही. कामाला येणाऱ्या माणसाला आदल्या संध्याकाळी सांगायचं, की या रानात नाही, त्या रानात काम आहे. अन् फवारणाऱ्या गड्याला हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा मालकानं द्यायचा. "तो घालत नाही" हे कारण मी मानत नाही. गॉगल लावून बुलेटवर फिरायला आपण शिकलोच ना.

फोन

शेवटचं अवजार सगळ्यांच्या खिशात आहे. याची रीत तर सगळ्यात कच्ची.

आधी आपल्या बाजूनं. कृषी सहायकाला, विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाला, एखाद्या अभ्यासू शेतकऱ्याला आपण अंधारात काढलेला हललेला फोटो टाकतो अन् खाली लिहितो, "उपाय सांगा." कोणतं पीक, कोणतं वाण, कधी पेरलं, कोणतं खत दिलं, आधी काय फवारलं, काहीच नाही. डॉक्टरकडं जाऊन माणूस एवढंही म्हणत नाही का, की पोट दुखतंय? फोटो उजेडात काढा, एक पूर्ण झाडाचा, एक पानाच्या खालच्या बाजूचा. वरच्या चार गोष्टी लिहा. जेवायच्या वेळेला, रात्री दहाला फोन करू नका. घाईचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर सकाळी सहा ते रात्री दहा चालतो. अन् उपाय लागू पडला की नाही, हे आठ दिवसांनी कळवा. सल्ला घेऊन गायब होणारे खूप. निकाल कळवणारा शेकड्यात एखादा. त्या एखाद्याच्या कळवण्यावर पुढच्या शंभर जणांचा सल्ला सुधारतो.

आता पलीकडच्या बाजूनं, कारण हे पान शास्त्रज्ञ अन् कृषी पदवीधरही वाचतात. १८ मे १९७२ ला परभणीत कृषी विद्यापीठ आलं, तेव्हापासून या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला "विद्यापीठात विचार" म्हणायची सवय आहे. तो विश्वास मोठा आहे, तो सांभाळा. शेतकरी प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मागं दुकानदाराची उधारी उभी असते. त्याला पाच औषधांची यादी देऊ नका, एक द्या, प्रमाण लिटरला किती ते आकड्यात द्या, अन् गरज नसेल तर "काही मारू नका" असं स्पष्ट म्हणा. माहीत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा, त्यात कमीपणा नाही. अन् मेळावा कुणाचाही असो, त्यात सत्कार अर्धा तास अन् शेतकऱ्याच्या प्रश्नाला पाच मिनिटं, हे उलटं करा. सहा वाजता उठून, धार काढून, दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला हारापेक्षा उत्तर पाहिजे असतं.

अन् एक गोष्ट, जी लिहायला जड जातं. आपल्या मराठवाड्यात एखाद्या घरातला कर्ता माणूस जीव देतो. तासाभरात त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. झाडाचा, दोरीचा, डबीचा. त्याच्या लेकीच्या फोनवरही तो पोहोचतो. मग दारावर गेलेली माणसं रडत्या बाईला विचारतात, कर्ज किती होतं? हे विचारायची वेळ ती नाही, अन् विचारायचा हक्क आपल्याला नाही. तो फोटो पुढं ढकलायचा नाही, आला तर पुसायचा, टाकणाऱ्याला बाजूला घेऊन सांगायचं. दारावर गेलं की गप्प बसायचं. नंतर, दहाव्यानंतर, एखाद्यानं तिच्या रानातली दोन तास कोळपणी करून द्यावी. शंभर "भावपूर्ण श्रद्धांजली" पेक्षा ते तिला पोहोचतं. ज्याचं मन खचलेलं दिसतंय, त्याच्याकडं मात्र आधीच जायचं. इथंही रीत तीच आहे, आधी बोलायचं.

पोळ्याच्या निमित्तानं

मंडळी, पोळा जवळ आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण खांदेमळणी करतो. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतो, अन् त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतो. विचार करा, बैल आपल्याच दावणीचा. उद्या पुरणपोळी तो खाणारच आहे, कुठं जाणार नाही. तरी आदल्या दिवशी सांगायची रीत आपल्या वाडवडिलांनी घातली. ज्याच्या जिवावर काम करायचं, त्याला आधी बोलून ठेवायचं, ही त्यातली गोष्ट.

बैल कमी झाले. त्यांच्या जागी पंप आला, मोटार आली, हार्वेस्टर आला, मोबाईल आला. यातल्या कुणाला आवतण द्यायची गरज नाही. पण ते ज्याच्या धुऱ्याशेजारी चालतात, त्या माणसाला आहे. म्हणून यंदाच्या पोळ्याला पारावर, मारुतीच्या देवळासमोर, जिथं माणसं जमतील तिथं अर्धा तास बसा. चार गोष्टी ठरवून कागदावर लिहा. तणनाशकाचा निरोप किती दिवस आधी द्यायचा. डीपीवरच्या ऑटोचे आकडे. चारीचं दार लावल्यावर फोन कुणी कुणाला करायचा. फवारलेल्या रानाला लाल फडकं. रोजानं जाणाऱ्या दोन बाया अन् एक सालगडीही त्या बैठकीला बसवा, खाली नाही, बरोबरीनं. कागदावर सही सगळ्यांनी करा.

एखादा मानणार नाही. प्रत्येक गावात एक असतोच. त्याच्यासाठी थांबू नका. बाकीचे नऊ जण आदल्या दिवशी सांगायला लागले की दहाव्याला न सांगता फवारायला लाज वाटायला लागते. रीत अशीच बसते.

तुमच्या शिवारात यातली एखादी रीत आधीच चालू असेल, किंवा मी लिहिली त्यापेक्षा चांगली असेल, तर खाली लिहा. पुढच्या वेळी तुमच्या गावाचं नाव घेऊन इथं टाकतो.

उघडीप आहे, फवारे चालू राहतील. वारा बघा, अन् शेजाऱ्याला फोन करा.

जय हरी.